साळवेबाईंची तालीम

मला साळवेबाई पहिल्या दिवशीच आवडल्या नाहीत. आवडू नयेत असं त्यांनी काही केलं नव्हतं. एका पेशंटनं माझ्या खोलीत डोकावून 'मोठ्या बाई नाहीत का?' एवढंच विचारलं, आणि मोठ्या बाई म्हणजे त्या, हे मला दहा मिनिटांनी कळलं.

मी एम.ए.ला पहिल्या वर्गात आलेली, वर विलायतेहून मानसोपचाराची पदविका घेऊन आलेली. माझ्या दारावर त्याच सकाळी नावाची पाटी लागली होती: मिस नलिनी करंदीकर. वडील ती बघायला मुद्दाम गिरगावातून परळपर्यंत आले होते. साळवेबाईंच्या दारावर पाटी नव्हती. त्या जुन्या नर्स, नोकरी करता करता मॅट्रिक झालेल्या. काळ्यासावळ्या, ठेंगण्या, आवाज जरा बसल्यासारखा, अंगावर पांढरं पातळ आणि डाव्या खांद्याखाली पिनेनं लावलेलं नर्सचं उलटं घड्याळ. वय पस्तिशीच्या पुढचं असावं. नागपूरला जाऊन बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन आल्याला त्यांना महिनाही झाला नव्हता, आणि तो आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. हे सगळं मी पहिल्या तासाभरात पाहून ठेवलं. मला नजर होती. तिचा उपयोग मी कशाला केला ते पुढे येईलच.

दवाखाना एका धर्मादाय ट्रस्टचा, गिरणीच्या भिंतीला पाठ लावून उभा असलेला. मागच्या बाजूच्या तीन खोल्या आमच्या. पाटीवर 'मानसोपचार विभाग' होतं, पण लोक डोक्याचा दवाखाना म्हणत. प्रमुख होते डॉक्टर मिस्त्री. पारशी गृहस्थ, साठीकडे झुकलेले, कायम घामाघूम. औषधं आणि इंजेक्शनं ते बघत. बोलण्याचे उपचार करायला मी आणि साळवेबाई.

नर्स तिथं कशी आली, याचा खुलासा मिस्त्रींनीच मला केला. "बाहेर बाकावर लोक बसते ना, माझी वाट बघत, ही त्यांच्या संगाती बोलत असायची. मग ते घरी निघून जायचे. माझ्यापर्यंत कोणी येतेच नाय! मी म्हटलं, बाई, तू आत येऊन बस." मी हसले. मनात म्हटलं, बाकावरच्या गप्पा निराळ्या आणि शास्त्र निराळं.

त्यांच्या खोलीत टेबल होतं, पण ते भिंतीला लावून ठेवलेलं. पेशंटला खुर्ची, आणि स्वतःला एक लाकडी स्टूल, तेही समोर नाही, जरा तिरकं. मी कारण विचारलं.

"समोर बसलं की फौजदार वाटतो वो," त्या म्हणाल्या. "आमच्या चाळीत आत्ताच दोनदा पोलीस येऊन गेलेत. लोकांनी किती वेळा जबानी द्यायची?"

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा ऐन भरात होती. दिवसाआड मोर्चा, मधूनच हरताळ, आणि गिरणगावात असं एकही घर नव्हतं जिथलं कुणी तुरुंगात जाऊन आलं नव्हतं किंवा लाठी खाऊन आलं नव्हतं. आमच्याकडे जी माणसं येत त्यांच्या पोटात हे सगळं असायचंच. कुणाला झोप नाही, कुणाचा हात उचलत नाही, कुणी बाई फटाक्याच्या आवाजासरशी मोरीत जाऊन बसते. मी पुस्तकातून त्यांच्या आजारांची नावं शोधायची. साळवेबाईंना नावं येत नसत. एकदा मी एका केसपेपरवर लिहिलेलं नाव त्यांनी मला तीनदा म्हणायला लावलं, स्वतः म्हणून पाहिलं, आणि "छान आहे" म्हणाल्या. टोमणा होता की काय, हे मला आजही सांगता येत नाही.

त्यांच्या तीन खोडी होत्या, आणि तिन्ही मला असह्य होत.

पहिली अशी की पेशंट बोलायचा थांबला की त्या लगेच बोलत नसत. पदराखाली स्वतःचं मनगट धरून नाडी मोजत. वीस ठोके. वीस होईपर्यंत माणूस पुन्हा बोलला तर ठीक, नाहीतर मग त्या तोंड उघडत. वॉर्डात असताना त्यांना घाईनं बोलायची सवय होती, ती मोडायला त्यांनी स्वतःला हा नियम घातला होता.

दुसरी खोड निघायच्या वेळची. पेशंट उठायच्या आत त्या विचारत, "आज माझं काय खटकलं?" माणूस गांगरायचाच. "काय नाय बाई, लय बरं वाटलं." त्यावर ठरलेलं उत्तर: "बरं वाटलं ते घरी सांगा. खटकलं ते मला सांगा." आणि मग स्टुलावर अशा बसून राहत की समोरच्याला काही तरी सांगितल्यावाचून सुटकाच नसे. कुणी म्हणे, तुम्ही मधेच घड्याळाकडे बघितलंत. कुणी म्हणे, माझ्या नवऱ्याला तुम्ही नावं ठेवायला नको होती, तो वाईट नाय. एक गिरणी कामगार त्यांना तोंडावर म्हणाला होता, "तुमी मान लय हलवताव. आमाला वाटतं, तुमाला आधीच समदं ठावं हाय." त्या दिवसापासून त्यांनी मान हलवायची कमी केली. मला हे विभागाच्या अब्रूला कमीपणा आणणारं वाटे. डॉक्टरानं पेशंटला विचारायचं, माझं काय चुकलं? उद्या मास्तर मुलांकडून मार्क मागतील!

तिसरी खोड म्हणजे तालीम. संध्याकाळी पाचला ओपीडी संपली की साळवेबाई खोलीत पेशंटची रिकामी खुर्ची समोर ठेवत आणि दिवसभरात जिथं आपण अडखळलो तेवढं एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत. कधी खालच्या सुरात, कधी अर्धवट सोडून, कधी शब्द बदलून. आया झाडू मारायला आली की तिला खुर्चीत बसवत. "पारूबाई, तुम्ही रडताय असं समजा." पारूबाई पदर तोंडाला लावून हसत बसायच्या. खुद्द मिस्त्री एकदा त्या खुर्चीत बसलेले मी पाहिले. ते दारुड्या झाले होते आणि फार मन लावून झाले होते.

"अख्खी केस का नाही घेत?" मी एकदा विचारलं.

"माझी आई गिरणीत वायंडिंगला होती, सूत गुंडाळायला," त्या म्हणाल्या. "धागा तुटला तर तुटला तिथंच गाठ मारायची. अख्खी बॉबिन उसवत बसलं तर जॉबर हाकलून देईल."

हे सगळं मी त्या वेळी थट्टेवारी नेत असे. घरी जेवताना साळवेबाईंची नक्कल करून दाखवत असे. वडील हसत. आई मात्र एकदा म्हणाली, "नलू, रोज एकाच बाईबद्दल बोलतेस तू."

मग शिवराम परबचं प्रकरण झालं.

परब लालबागचा, गिरणीत मागावर काम करणारा साचेवाला, मूळ कणकवलीकडचा. मोर्चात सगळ्यांच्या पुढे राहून घोषणा देणारा, कारण आवाज असा की तीन गल्ल्यांत ऐकू जावा. ज्या दिवशी फोर्टात गोळीबार झाला त्या दिवसापासून त्याचा आवाज गेला. नुसती कुजबुज उरली. घशाच्या डॉक्टरांनी तपासलं, घसा ठणठणीत. तो माझ्याकडे आला. मी त्याला सात वेळा बोलावलं. अंग सैल सोडायला शिकवलं, मनाचा आणि कंठाचा संबंध समजावून सांगितला, पाटीवर आकृतीसुद्धा काढली. तो मान डोलवायचा आणि कुजबुजत 'येतंय बाय' म्हणून जायचा. आठव्या वेळी तो माझ्या दारावरून पुढे गेला आणि साळवेबाईंच्या खोलीत शिरला.

माझ्या पोटात काय दुखलं म्हणून सांगू. वरवर मी म्हटलं, "जाऊ दे, बदल म्हणून बरं." आणि एकच पान पुन्हा पुन्हा वाचत बसले.

तासभरही झाला नाही. वीस मिनिटांतच परब ताडताड बाहेर पडला. पाठोपाठ साळवेबाई माझ्या खोलीत आल्या. "करंदीकरबाई, आज मी एक माणूस घालवला," त्या म्हणाल्या. चेहरा उतरला होता.

"काय झालं?"

"'तुम्ही लई घाबरला असाल' असं मी म्हणाले. तो उठलाच."

मला आनंद झाला. लपवण्यात अर्थ नाही, इतका आनंद झाला की मी त्यांच्यासाठी चहा मागवला.

त्या संध्याकाळी तालीम साडेसहापर्यंत चालली. मधल्या दारातून मला ऐकू येत होतं. 'तुम्हाला भीती वाटली का?' नाही. 'त्या दिवशी काय झालं?' ही तर जबानी. 'आवाज कसा गेला?' हे सगळ्यांनी विचारलंय. आणि शेवटी अगदी साध्या आवाजात, "तुम्हाला काय झालं ते मला ठाऊक नाही." हे वाक्य त्यांनी पुन्हा म्हटलं नाही. दिवा मालवून त्या बाहेर आल्या. दारात मला पाहून म्हणाल्या, "मी त्याला त्याचं दुखणं सांगत होते वो. त्यानं सांगायच्या आत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी परबला कार्ड टाकलं. चारच शब्द मी वाचले: 'माझं चुकलं. परत या.' आठवड्यानं तो आला. मी म्हटलं, मला आत बसायचं आहे. साळवेबाईंनी परबला विचारलं, "या बाई शिकायला बसल्या तर चालंल का?"

शिकायला! सात सिटिंग घेतलेला माझा पेशंट, आणि त्याच्या देखत मी शिकायला बसणार. पण बसले कोपऱ्यात.

परब खुर्चीत बसला. साळवेबाईंनी ते वाक्य म्हटलं आणि पदराखाली हात नेला. मीही मनातल्या मनात मोजू लागले. वीस झाले. त्या बोलल्या नाहीत, कारण परबचे ओठ हलत होते. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मग ती कुजबुज आली.

"मी घाबारलंय नाय. माजो दोस्त होतो, दत्ताराम. तो मागे उभो होतो. तेका मीच हाक मारलंय, 'चल पुढे' म्हणान. तो पुढे गेलो. तेका लागली. माका नाय."

बाहेर गिरणीचा भोंगा झाला. परबनं तोंड दोन्ही हातांत घेतलं, आणि त्या हातांच्या आडून जे रडणं बाहेर पडलं त्याला मात्र आवाज होता.

तो पुढे पाच-सहा महिने येत राहिला. आवाज एकदम आला नाही, हळूहळू आला, आणि पूर्वीचा कधीच आला नाही. घोषणा त्यानं पुन्हा दिल्या नाहीत. साळवेबाईंनी त्याला तसं कधी सुचवलंही नाही. मी त्याच्याशी सात तास बोलले होते आणि दत्ताराम हे नाव माझ्या कानावर आलं नव्हतं, हे मला रात्रंदिवस खात राहिलं.

आता याला उपाय काय? माझ्यासारख्या हुशार मुलीला सुचेल तोच. मी त्यांची नक्कल उचलायची ठरवली. मोठ्ठी वही केली. त्यांच्या खोलीत परवानगीनं बसून त्यांची वाक्यं जशीच्या तशी उतरवली, आणि माझ्या पेशंटवर चालवायला निघाले.

बळी पडल्या कर्णिकबाई. गिरगावातल्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. दाराला कुलूप लावलं की नाही ते बघायला दहादा मागे फिरायच्या, शेवटी शाळेत जाणंच बंद झालं होतं. मी टेबल भिंतीला सरकवलं, स्टूल मागवलं, तिरकी बसले. कर्णिकबाई बोलायच्या थांबल्या, तसा मी पदराखाली हात घातला आणि मोजायला सुरुवात केली. अकराव्या ठोक्याला त्या वाकून म्हणाल्या, "काय गं, तुला बरं वाटत नाही का? मनगट धरून बसलीयस मघापासून."

पुढचा अर्धा तास त्यांनी मला सुंठीचा काढा कसा करायचा ते सांगितलं. तरी मी हटले नाही. निघायच्या वेळी विचारलंच, "आज माझं काय खटकलं?" मुख्याध्यापिकेला असा प्रश्न विचारायचा नसतो. माझ्या पोक काढून बसण्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि वेणीपर्यंत आल्या. शेवटी पर्स उचलताना म्हणाल्या, "आणि हे जे खटकलं-बिटकलं विचारतेस ना, ते तुझं नाही. कुणाचं तरी पाठ करून आली आहेस."

मी हे साळवेबाईंना सांगणार नव्हते. पण त्या दिवशी राहवेना म्हणून सांगून टाकलं. त्या तोंडावर हात ठेवून पोटभर हसल्या. मग हसू पुसून म्हणाल्या, "वीस ठोके माझे आहेत, करंदीकरबाई. मला घाई व्हायची म्हणून. तुम्हाला कुठं घाई होते?"

"मग मला काय होतं?"

त्यांनी जरा विचार केला. "तुम्हाला सारखं बरोबर यायचं असतं."

मग म्हणाल्या, रोज पाचनंतर या, आपण दोघी तालीम करू, तुमचं वाक्य तुम्हाला सापडंल. मी चार दिवस गेले. माझ्या चुका त्यांच्या समोर पुन्हा पुन्हा म्हणायच्या, हे मला सोसवेना. त्या कधी हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत, त्यामुळे तर मुळीच सोसवेना. पाचव्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. मग ते रोजच दुखू लागलं.

अशी दोन-अडीच वर्षं गेली. माझी पाटी जुनी झाली, साळवेबाईंच्या खोलीबाहेरची रांग लांबत गेली. आणि मग बंगळूरची जागा आली.

बंगळूरला मानसोपचाराचं वर्षभराचं शिक्षण सुरू होतं. संस्थेनं पाठवलेल्या एका अनुभवी माणसाला तिथं घेणार होते, परत आल्यावर त्या माणसानं आमच्याकडे वर्ग चालवायचे. मिस्त्रींनी साळवेबाईंचं नाव घातलं. ट्रस्टींचं म्हणणं पडलं की विभागातल्या पदवीधर सहकाऱ्याचं मतही लेखी जोडा. पदवीधर सहकारी मी एकटीच.

"लिही, दीकरी," मिस्त्री म्हणाले. ते मला नेहमी अशीच, लेक म्हणून, हाक मारत. "तू तर सगळं बघितलं आहे."

मी एक अख्खी दुपार घालवून ते पत्र लिहिलं. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. बाई कष्टाळू आहेत. पेशंटांत प्रिय आहेत. स्वतःच्या चुका त्या पेशंटांना विचारतात, हे शिस्तीला कितपत धरून आहे याचा विचार व्हावा. सैद्धांतिक बैठक नाही. आणि शेवटी असं की, संस्थेची प्रतिनिधी म्हणून परप्रांती जाणाऱ्या व्यक्तीची पार्श्वभूमीही संस्थेला साजेशी असावी. 'पार्श्वभूमी' या शब्दावर माझी लेखणी थांबली होती. तो शब्द ट्रस्टींना समजावून सांगावा लागणार नाही, हे मला ठाऊक होतं. आमचं घर सुधारकांचं. साळवेबाईंच्या डब्यातलं मी अनेकदा खाल्लं होतं. तरीही तो शब्द मी शोधून काढला, शाई वाळू दिली आणि लखोटा मिस्त्रींच्या टेबलावर ठेवला.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी साळवेबाई माझ्या दारात आल्या. "डोकं दुखत नसलं तर जरा या. मला एक अडतंय. तुम्ही पेशंट व्हा."

"कसला पेशंट?"

"तुम्हाला सुचंल तो."

नाही म्हणणं शक्य होतं. पण मला वाटलं, आज हिला अशी केस द्यावी की हिला काही सुचूच नये. खुर्चीत बसले आणि एक सून झाले. म्हटलं, घरात एक जाऊ आहे. शिकलेली नाही, दिसायला काही नाही, पण सासू तिचंच कौतुक करते. पाहुणे आले की तिच्याच हातचं मागतात. मी इतकं करते ते कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. मी चांगली पाच-सात मिनिटं बोलले. एरवी मला इतकं सलग कधीच बोलता आलं नव्हतं. मग थांबले.

साळवेबाईंचा हात पदराखाली गेला. मला माहीत होतं तिथं काय चाललंय, आणि तरीही मी घाबरले. वीस झाले. चाळीस झाले असतील.

"तिनं काय करावं असं वाटतं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"तिनं घरातून जावं."

"बरं. गेली." त्या थांबल्या. "मग तुमच्या हाताला चव येईल का?"

मी रडायला लागले. सून नाही, मी. इतकी रडले की पारूबाई झाडू घेऊन दारातूनच परत फिरल्या. साळवेबाईंनी मला पाणी दिलं. मी तोंड धुतलं आणि घरी गेले. पत्र ट्रस्टींकडे जायच्या आधी परत मागायला एक दिवस माझ्या हातात होता. तो मी जाऊ दिला.

ट्रस्टींनी साळवेबाईंचं नाव खोडलं आणि माझं घातलं. मिस्त्रींनी मला हे सांगितलं तेव्हा ते 'दीकरी' म्हणाले नाहीत, 'मिस करंदीकर' म्हणाले. मी मनाशी म्हटलं, वय झालं, माणूस विसरतो.

बंगळूरला मी वर्षभर होते. परत आले तेव्हा महाराष्ट्र राज्य झालेलं होतं, मिस्त्री निवृत्त झाले होते आणि विभाग माझ्या हाती आला होता. साळवेबाईंची खोली रिकामी होती. त्या लालबागच्या एका सूतिकागृहात नर्स म्हणून लागल्या होत्या. विभागातून कुणी काढलं नव्हतं, स्वतःच अर्ज देऊन गेल्या. मी आठ दिवस त्या रिकाम्या खोलीसमोरून ये-जा केली. हायसं वाटेल असं मला वाटलं होतं. वाटलं नाही. माझ्यासमोर पेशंट थांबला की मला पूर्वीसारखंच पुस्तकातलं सुचत होतं, फक्त आता पुस्तकं जास्त होती. शेवटी एका रविवारी त्यांचा पत्ता काढून निघाले. पत्र मी लिहिलं होतं हे सांगायचं, एवढं एकच ठरवलं होतं.

चाळीच्या खाली मसाला कुटायचे डंक चालू होते. शिंकत शिंकत तिसरा मजला चढले. साळवेबाई गॅलरीत गहू निवडत होत्या. मला पाहून लगेच उठल्या नाहीत. सूप बाजूला केलं आणि मला आतली खुर्ची आणून दिली, आणि स्वतः पाटावर बसल्या. मी बसायच्या आतच बोलून टाकलं. "साळवेबाई, ते पत्र मी लिहिलं होतं."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी वाचून दाखवलं होतं मला. मग आठवड्याच्या शेवटी ट्रस्टींकडे पाठवलं."

"वाचून कधी दाखवलं?"

"तुम्ही दिलंत त्याच्या दुसऱ्या दिवशी."

मी मनात दिवस जुळवले. म्हणजे तालमीच्या आधी. मी खुर्चीत बसून जावेची गोष्ट सांगत होते तेव्हा पत्रातला शब्द न् शब्द त्यांना माहीत होता.

"मग त्या दिवशी मला कशाला बोलावलंत?"

"मला अडत होतं म्हणून. खरंच अडत होतं." त्या गव्हातला एक खडा बोटांत फिरवत होत्या. "ज्याचा राग आलाय त्याचं ऐकायचं कसं, ते जमत नव्हतं मला. पेशंट म्हणून असा माणूस उद्या आला तर? म्हटलं, दुसरीकडं कुठं शोधत जाऊ? तुम्हीच होता."

मी खाली बघत होते. "जमलं का?" मी कसंबसं विचारलं.

"त्या दिवशी जमलं," साळवेबाई म्हणाल्या. "आज जमत नाही. मला जायचं होतं वो बंगळूरला. तिकडं थंडी असते म्हणून स्वेटर विणून ठेवला होता मी. नाव पक्कं व्हायच्या आधीच. अशी येडी."

क्षमा करा असं म्हणायला मी तोंड उघडलं, पण त्या हात करून नको म्हणाल्या. खालच्या डंकांचा आवाज थांबला. मला वाटलं, आता या उठून आत जातील आणि मी जिना उतरेन. पण त्यांनी पाट माझ्याकडे सरकवला.

"तिथं काय काय शिकवलं ते सांगा," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून."

मी सांगत गेले. व्याख्यानं, वॉर्ड, तिथले प्राध्यापक, पेशंटची मुलाखत कशी घेऊन दाखवली, सगळं. त्या एकेका ठिकाणी मला थांबवत. तो माणूस गप्प झाला तेव्हा प्राध्यापकांनी काय केलं? ते चुकले तर त्यांना सांगायचं कुणी? बरा झाला म्हणता तर बरा झालो असं तो स्वतः म्हणाला की तुम्ही लिहिलंत? एका प्रश्नाला मी म्हटलं, "हे तिथं कुणी विचारलंच नाही."

"तुम्ही विचारायचं होतं," त्या म्हणाल्या.

ऊन गेलं, घराघरांतून स्टोव्ह पेटल्याचे आवाज यायला लागले तरी त्या विचारत होत्या. डोळे असे लखलखत होते की वर्षभर त्या जागेवर त्या असत्या तर काय झालं असतं ते मला समोर दिसत होतं. आणि त्यांच्या दारात, त्यांची अपराधी म्हणून बसलेली असतानाही, मला त्यांचा हेवाच वाटत होता.

त्या मला जिन्यापर्यंत पोचवायला आल्या नाहीत. पाटावरच बसून राहिल्या. त्यानंतर आमची गाठ पडली नाही. मी पुन्हा गेले नाही, त्या येणार नव्हत्याच.

जिना उतरताना मी त्यांचे ते तीन प्रश्न पाठ करत होते. विसरू नये म्हणून फुटपाथवर उभी राहून कागदावर लिहून घेतले. सोमवारी माझ्या नव्या वर्गात मी ते विचारले. विद्यार्थिनी माना वर करून बघत राहिल्या, मग भराभर उतरवून घेऊ लागल्या. पुढे निवृत्त होईपर्यंत दर वर्षी माझा पहिला तास त्या प्रश्नांनीच सुरू व्हायचा. करंदीकरबाईंचे तीन प्रश्न म्हणून ते मुंबईभर झाले. ते कुणाचे हे मी एकदाही सांगितलं नाही. ते अनसूया साळवे यांचे.